ताणा किती ताणावा

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत यंत्रमागाचा खडखडाट कायमचा मुरलेला असतो. माग चालू असेपर्यंत तो कोणाला जाणवत नाही. तो अवेळी थांबला, की घरातला प्रत्येक जण मान वर करून पाहतो, कारण बहुधा तार, म्हणजे सुताचा धागा, तुटलेली असते. आजच्या धावपळीविषयी आणि थोडे सावकाश जगण्याच्या गरजेविषयी लिहायला बसलो, तेव्हा मला आधी हा थांबलेला माग आठवला. वेग आणि ताण यांचे नाते मी पहिल्यांदा पाहिले ते तिथेच.

मागावर दोन प्रकारचे धागे असतात. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्यांना बाणा. ताण्याचे शेकडो, कधी हजारो धागे बीम नावाच्या रुळावर गुंडाळून ताणून धरलेले असतात. त्यांतले काही वर आणि काही खाली गेले, की मध्ये फट पडते आणि त्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो. ताणा सैल असेल तर फट नीट उघडत नाही आणि धोटा धाग्यांतच अडकतो; तो फार ओढलेला असेल तर तारा तुटू लागतात. धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर ताण्याला एक हिसका बसत असतो, त्यामुळे मागाचा वेग वाढवला म्हणजे तेवढ्याच वेळात अधिक हिसके बसतात आणि दोन हिसक्यांमधली उसंत कमी होते. सूत कमकुवत असेल तर जाणता विणकर मागाचा वेग मुद्दाम कमी ठेवतो. हेच सूत जोरात चालवले, तर अर्धी पाळी तारा जोडण्यात जाते आणि पाळी संपताना उतरलेले कापड सावकाश चालवलेल्या मागापेक्षा कमी भरते.

मनाची ओढाताण आणि धाग्याची ओढ या दोन्हींसाठी मराठीने ‘ताण’ हा एकच शब्द वापरला आहे, आणि मला तो योगायोग वाटत नाही. आपल्या दिवसाचेही मागासारखेच होते. फरक इतकाच, की मागाचा वेग कोणी तरी विचारपूर्वक ठरवतो, आणि आपल्या दिवसाचा वेग मात्र कोणी ठरवला हे आपल्याला बहुतेक वेळा सांगता येत नाही.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग रेल्वेच्या इतिहासात सापडतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापुरापर्यंत आला. तोपर्यंत प्रत्येक गावाची दुपार त्या गावावरच्या सूर्याने ठरत असे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात आणि सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर आहे, म्हणून सोलापूरचा सूर्य मुंबईच्या आधी सुमारे बारा मिनिटे डोक्यावर येतो. बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला या बारा मिनिटांचे काही वाटत नव्हते. एकाच रुळावरून समोरासमोर येऊ शकणाऱ्या दोन गाड्यांना मात्र तेवढा फरक चालणारा नव्हता. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ ही भारताची प्रमाणवेळ झाली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडायला १९५५ साल उजाडले, यावरून हा बदल लोकांना किती जिव्हारी लागला असेल याची कल्पना येते. आजही सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात, ऋतूनुसार पंधरा मिनिटे इकडेतिकडे. आपण भूक लागली म्हणून न जेवता वाजले म्हणून जेवतो, त्याची सुरुवात इथे कुठे तरी आहे.

दुसरा भाग गिरणीत सापडतो. सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. सोलापूरचा दिवस भोंग्यावर उगवू आणि मावळू लागला. त्याआधीच्या हातमाग विणकराचे जिणे सुखाचे होते असे मी म्हणणार नाही, कारण त्याचेही दिवस लांब होते, कमाई अपुरी होती आणि घरातल्या बायका-मुलांचे कष्ट त्यात धरलेलेच नसत. पण पाहुणा आला, सूत संपले, पाठ भरून आली, तर धोटा खाली ठेवायचा की नाही हे तो स्वतः ठरवू शकत होता. भोंग्याने काम वाढवले की नाही हा वादाचा विषय होईल. कामाची लय मात्र त्याने माणसाच्या हातून काढून घेतली.

यंत्रांनी वेळ वाचवला, तर तो वाचलेला वेळ गेला कुठे? याचेही उत्तर कापडाच्याच धंद्यात मिळते. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा आणला आणि एक विणकर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापड विणू लागला. परिणाम असा झाला, की विणकरांना सूत पुरेना आणि सगळा भार सूत कातणाऱ्यांवर आला. मग १७६० च्या दशकात कातण्याची यंत्रे आली, सूत एवढे झाले की विणकर अपुरे पडू लागले, आणि १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट याने यंत्रमागाचे पेटंट घेतले. एका टप्प्यावर वाढवलेला वेग तिथेच राहत नाही, तो पुढच्या टप्प्यावरच्या माणसाची घाई बनतो, हे या साखळीत स्पष्ट दिसते. तुम्ही दहा निरोप पाच मिनिटांत पाठवता, तेव्हा तुमची पाच मिनिटे वाचलेली असतात आणि दहा माणसांकडे दहा कामे जाऊन पडलेली असतात. त्यांची उत्तरे आली, की ती तुमच्याकडे परत येतात.

घरातही हेच घडले. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दाखवले, की धुलाई यंत्रासारखी साधने आल्यानंतरही तिथल्या गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत, कारण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि जी कामे पूर्वी पुरुष, मुले किंवा मोलकरणी वाटून घेत, तीही एकट्या गृहिणीवर आली. पूर्वी क्वचित धुतले जाणारे कपडे वारंवार धुतले जाऊ लागले, म्हणजे वाचलेला वेळ कपड्यांनीच खाल्ला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये असा अंदाज केला होता, की शंभर वर्षांनी लोकांना आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ती मुदत आता भरत आली आहे. उत्पादन खूप वाढेल हा त्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला. वाढलेल्या उत्पादनाबरोबर आपल्या गरजाही वाढतील हे त्यांनी कमी लेखले.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, त्याकडे येतो. दिवस गच्च भरलेला असला म्हणजे आपण त्याला कार्यक्षम दिवस म्हणतो. गणित मात्र वेगळे सांगते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कधी येतील याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातला एक निष्कर्ष दवाखान्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

समजा, एक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी सहा मिनिटे देतात, म्हणजे तासाला दहा रुग्ण तपासू शकतात. रुग्ण ठरल्या वेळी न येता हवे तेव्हा येतात आणि कोणाला दोन मिनिटे पुरतात तर कोणाला पंधरा लागतात. तासाला सरासरी आठ रुग्ण येत असतील, तर गणिताप्रमाणे प्रत्येकाला सरासरी चोवीस मिनिटे बाहेर बसावे लागते. तासाला नऊ रुग्ण येऊ लागले, म्हणजे फक्त एक रुग्ण वाढला, तर बसण्याचा वेळ चोपन्न मिनिटांवर जातो. आणि सरासरी साडेनऊ झाली, की तो एकशे चौदा मिनिटे होतो, जवळजवळ दोन तास. डॉक्टरांचा वेग तोच, हुशारी तीच, रुग्णांची संख्या दहाच्या आतच. फरक पडला तो केवळ मधली मोकळी मिनिटे संपल्यामुळे. मोकळ्या मिनिटांमुळेच एखाद्या रुग्णाला लागलेला जास्तीचा वेळ जिरवला जात होता. ती संपली, की एका रुग्णाचा उशीर दुसऱ्याच्या, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या डोक्यावर चढत जातो आणि संध्याकाळी डॉक्टर, रुग्ण, नंबर लावणारा माणूस असे सगळेच एकमेकांवर खेकसू लागतात.

आपला दिवस हाही असाच एक दवाखाना आहे. नळाला पाणी येण्याचा दिवस, मुलाची शाळा, आईचा रक्तदाब तपासणे, ऑफिस, बँक, संध्याकाळचा क्लास, अशी कामे एकाला एक लावून बसवली, की कागदावर सगळे बसते. पण पाणी अर्धा तास उशिरा आले, म्हणजे उरलेला सगळा दिवस उशिरा होतो, आणि तो उशीर भरून काढायला आपण गाडी जोरात हाणतो, जेवण उभ्याने उरकतो, मुलावर ओरडतो. दोष पाण्याचा किंवा मुलाचा म्हणून आपण मोकळे होतो. खरी अडचण अशी असते, की दिवसात उशीर जिरवायला जागाच ठेवलेली नव्हती. सावकाश जगणे म्हणजे प्रत्येक काम हळू करणे असा अर्थ मी घेत नाही. भाकरी थापणारा हात जलदच हवा. दिवसाचे सुमारे आठ दशांश भरून उरलेले मोकळे सोडणे, असा त्याचा अर्थ मी घेतो. उरलेल्या त्या मोकळ्या वेळात काय करायचे हे आधी ठरवू नये, कारण ठरवले की तो मोकळा राहत नाही.

मनाच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी आहे. एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले, तर लक्षाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो, असे संशोधिका सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. दोन कामे एकाच वेळी करणारा माणूस प्रत्यक्षात एकातून दुसऱ्यात उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीत काही सांडते. संगणकावर काम करणारे लोक एका पडद्यावर किती वेळ टिकतात, हे ग्लोरिया मार्क या संशोधिकेने वर्षानुवर्षे मोजले. २००४ च्या सुमारास ती सरासरी अडीच मिनिटे होती, आणि अलीकडच्या मोजणीत ती सुमारे सत्तेचाळीस सेकंदांवर आली. धोट्यातली सुताची कांडी संपण्याआधीच धोटा बदलत राहणारा विणकर डोळ्यांपुढे आणा.

शरीर घाईला कसे उत्तर देते, हे बऱ्यापैकी समजलेले आहे. धोका जाणवला की अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचनासारखी कामे मागे पडतात. अंगावर कुत्रा धावून आला, तर ही व्यवस्था जीव वाचवते. पाच मिनिटांनी धोका टळतो आणि परानुकंपी चेतासंस्था सगळे पूर्ववत करते. दिवसभर किणकिणणाऱ्या फोनला मात्र टळण्याची वेळच नसते, म्हणून शरीराला पूर्ववत व्हायला सवड मिळत नाही. घाई एकटीच हृदयविकार आणते असे सरसकट म्हणणे योग्य नाही; सतत घाईत असणाऱ्या स्वभावावरच्या पुढच्या संशोधनात, घाईपेक्षा तिच्या सोबतीला येणारा राग आणि वैरभाव अधिक घातक असल्याचे दिसले. दीर्घ कामाच्या तासांबद्दलचा पुरावा मात्र ठाम आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाला रक्त कमी पडण्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

शरीराला उलट दिशेने नेणारी एक वाट आपल्या हाताशी आहे, ती म्हणजे श्वास. इटलीतील लुचिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस जणांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते, आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. आषाढीला पंढरीच्या वाटेवर ज्यांनी संथ चालीतला अभंग म्हटला आहे, त्यांना लांब ओळीला लांब श्वास लागतो हे कोणी शिकवावे लागत नाही.

घाईचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सर्वांत अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवले. त्यांतल्या काहींना परोपकारी वाटसरूच्या बायबलमधल्या कथेवरच बोलायचे होते. वाटेत एक माणूस दाराशी वाकून, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. उशीर झाला आहे असे सांगून पाठवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, परोपकारावर बोलायला निघालो आहोत या जाणिवेने थांबणाऱ्यांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. या विद्यार्थ्यांचे मन कठोर होते असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ पाच मिनिटे नव्हती, एवढेच.

सावकाश जगा, हा सल्ला मात्र सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, आणि ते न सांगता हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या शहरात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन, तेंदूपत्ता कापून विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मागावरच्या अनेक कामगारांचेही विणलेल्या मालावरच पोट चालते. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईने श्वास मोजायला हात थांबवला, तर त्या दिवसाचे पैसे कमी होतात. शिवाय विड्या वळून झाल्यावर घरचे काम तिचेच असते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ज्या घरातला पुरुष निवांत चहा पितो, त्या घरातला निवांतपणा बहुधा कोणा बाईच्या वेळातून कापलेला असतो. घरात वेग कमी करायचा असेल, तर हे दोनशे मिनिटांचे अंतर आधी कमी करावे लागेल.

आज आपण सहज गृहीत धरतो ती आठवड्याची सुट्टी एकट्यादुकट्याच्या निश्चयाने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारोंच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. या इतिहासाकडे मी वारंवार वळतो, कारण एका गिरणीने सुट्टी दिली असती आणि शेजारच्या गिरणीने दिली नसती, तर पहिलीला ती फार दिवस टिकवता आली नसती. रात्री दहाला आलेल्या कामाच्या निरोपाचेही असेच आहे. एका दुकानदाराने उत्तर सकाळी देईन म्हटले, तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. बाजारातल्या सगळ्यांनी मिळून वेळ ठरवली, तर कोणाचेच नुकसान होत नाही. कामाच्या वेळेनंतर निरोपांना उत्तर न देण्याची सोय फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्याने मान्य झाली. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल, पण एखाद्या ऑफिसात, एखाद्या शाळेच्या पालकांच्या गटात, एखाद्या गल्लीतल्या दुकानदारांत असे ठरायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

सगळ्यांनी मिळून संथ होण्याचा एक अनुभव सोलापूरला दर जानेवारीत येतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी तो उंच, जड नंदीध्वज कमरेला पेलून पावले टाकतो आणि त्याच्याबरोबर हजारो माणसे तेवढ्याच गतीने चालतात. मोटारसायकली चौकात बंद करून उभ्या असतात, दुकानदार पायरीवर येतात, घरातल्या म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून देतात. थोड्या अंतरावर पेलणारा दमतो. दुसरा पुढे येतो, पट्टा बांधतो, नंदीध्वज आपल्या अंगावर घेतो. ध्वज क्षणभर डोलतो, मग सरळ होतो. तोवर मागची सगळी मिरवणूक उभी असते.